कॅम्पर-रूपांतर, जुन्या व्हॅनचे

मालवाहतुकीसाठी किंवा एखाद्या सार्वजनिक सेवेसाठी वापरून झालेली बंद व्हॅन विकत घ्यायची आणि तिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची, पाण्याची व विजेची सोय मालकाने स्वतःच्या हाताने करायची, या उद्योगाला कॅम्पर-रूपांतर म्हणतात. जर्मनीत ही प्रथा चांगली रुजलेली आहे. प्रस्तुत नोंदीत तेथील मर्सिडीज-बेंझ टी १ या व्हॅनच्या आधारे तिचे विवेचन केले आहे, कारण हौशी कारागिरांची ती जुनी आवडती गाडी आहे आणि तिच्या वंशावळीची एक फांदी पुण्यापर्यंत येते.

फोक्सवॅगनच्या टाइप २ या व्हॅनचे उत्पादन १९५० मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात बसणारी ‘कॅम्पिंग बॉक्स’ नावाची कपाट-पलंगाची जोडणी बाजारात आणली. ही जोडणी काढता-घालता येत असे; त्यामुळे आठवडाभर माल वाहणारी गाडी सुट्टीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन निघू शके. टी १ ही १९७७ ते १९९५ या काळातली. सुरुवातीला ती ब्रेमेन शहरात तयार होत असल्यामुळे तिला ‘ब्रेमर ट्रान्सपोर्टर’ असेही म्हणतात. तिच्या नावातले आकडे वाचता येतात : ‘२०७ डी’ म्हणजे अडीच ते पावणेतीन टन एकूण वजनाची, सत्तरच्या आसपास अश्वशक्तीची डिझेल गाडी. इंजिनावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसल्यामुळे बहुतेक दुरुस्ती साध्या हत्यारांनी होते. चढावर ती रेंगाळते आणि मागून येणाऱ्यांच्या संयमाची परीक्षा पाहते, पण तिच्या चाहत्यांना त्याचे फारसे वाईट वाटत नाही. अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या गाड्यांना विशेष मागणी असते. त्या वर्षानुवर्षे छपराखाली उभ्या राहिलेल्या आणि वयाच्या मानाने फार थोड्या चाललेल्या असतात.

रूपांतराची छायाचित्रे पाहणाऱ्याला त्यात मुख्यतः सुतारकाम दिसते. प्रत्यक्षात या कामाचे यश गंज, ओल आणि वजन या तीन गोष्टींवर ठरते, आणि यांपैकी एकही गोष्ट काम पूर्ण झाल्यावर डोळ्यांना दिसत नाही. जुन्या व्हॅनचे इंजिन बदलता येते. कुजलेला सांगाडा वाचवणे मात्र खर्चिक आणि कित्येकदा अशक्य असते. म्हणून खरेदीपूर्वी समोरच्या काचेच्या रबराखालची चौकट, दारांखालचे पोकळ पत्रे, चाकांवरच्या कमानी आणि छताच्या कडेची पन्हळ या जागा तपासाव्या लागतात. रंगाखाली उठलेला फुगवटा बोटाने दाबल्यावर किरकिरला, तर आतला पत्रा गेला असे समजावे. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवणे, गंजरोधक अस्तर देणे आणि पोकळ भागांत मेण किंवा पातळ केलेले ग्रीस सोडणे, एवढे झाल्याशिवाय आत लाकडाची एक पट्टीही लावू नये, असा या क्षेत्रातला दंडक आहे. घाई करणाऱ्यांना दोन-तीन वर्षांत सगळे फर्निचर उखडावे लागते.

ओलीचा प्रश्न गंजाशीच जोडलेला आहे. बंद व्हॅनमध्ये झोपलेल्या माणसांच्या श्वासातून रात्रभर बाष्प बाहेर पडते, स्वयंपाकाने त्यात भर पडते आणि थंडीत हे बाष्प गार पत्र्याला लागून त्याचे पाणी होते. खनिज लोकरीसारखे सच्छिद्र उष्णतारोधक भरले, तर उबदार हवा त्यातून आरपार जाऊन पत्र्यापाशी निवते आणि लोकर आतून भिजत राहते. यावर उपाय म्हणून बंद पेशींचा, म्हणजे बाष्प आत शिरू न देणारा लवचीक फोम, बहुधा १९ मिलिमीटर जाडीचा, फट न ठेवता थेट पत्र्याला चिकटवतात. पत्रा आणि फोम यांच्यामध्ये हवाच राहिली नाही, तर पाणी धरायला जागा उरत नाही. छताच्या आडव्या पट्ट्या उघड्या राहिल्या, तर त्यांवाटे थंडी आत येते आणि नेमके तिथेच दवबिंदू जमतात. कितीही चांगले अस्तर असले, तरी छतावरचा पंखा व खाली हवा आत येण्याची वाट यांना पर्याय नाही.

वजनाचा हिशेब सहसा उशिरा सुचतो. जर्मनीत साध्या मोटारीच्या, म्हणजे ‘बी’ वर्गाच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते, पण २०७ डी या गाडीची स्वतःची मर्यादा त्याहून बरीच कमी आहे. बर्च लाकडाच्या १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा आठ बाय चार फुटांचा एक तक्ता सुमारे ३६ किलो भरतो; असे पाच-सहा तक्ते, शंभर लिटर पाणी, बॅटऱ्या, गॅस आणि दोन माणसे धरली, की मर्यादा हाकेच्या अंतरावर येते. त्यामुळे जाणकार पॉप्लरचे हलके प्लायवूड वापरतात आणि पाण्याची टाकी व बॅटरी यांसारख्या जड वस्तू दोन्ही आसांच्या मध्ये, शक्य तितक्या खाली ठेवतात. फर्निचर सांगाड्याला घट्ट बांधलेले नसेल, तर ब्रेक लागताच ते चालकाच्या पाठीवर येते.

विजेच्या बाबतीत जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा सोपी ठरते. अलीकडच्या व्हॅनमधला अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारे वीज तयार करणारे यंत्र, इंधन वाचवण्यासाठी विजेचा दाब सतत बदलतो, म्हणून घरगुती बॅटरी, म्हणजे राहण्याच्या भागाला वीज पुरवणारी बॅटरी, भरायला वेगळा चार्जर लागतो. टी १ मध्ये इंजिन चालू असेपर्यंत गाडीची आणि घरगुती अशा दोन्ही बॅटऱ्या जोडणारा आणि बंद होताच त्या तोडणारा एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, पुरतो. अर्थात हे शिशाच्या बॅटरीचे झाले. १०० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतून तिच्या आयुष्याला धक्का न लावता निम्मीच वीज घेता येते, तर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बहुतांश वीज देते आणि वजनाला निम्म्याहून कमी असते; मात्र ती विजेचा मोठा प्रवाह ओढत असल्यामुळे जुन्या अल्टरनेटरला रिलेवरून थेट जोडल्यास तो तापून जळू शकतो. प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज हवा. तो टाळल्यामुळे पत्र्याच्या धारेवर घासलेली एक वायर अख्खी गाडी जाळू शकते.

गॅसचे काम हौशी माणसाने तपासणीविना वापरात आणू नये. प्रोपेन व ब्यूटेन हवेपेक्षा जड असल्यामुळे गळालेला वायू जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट गाडीखाली उघडणारे छिद्र लागते. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू शून्य अंश सेल्सिअसच्या किंचित खाली आहे, त्यामुळे हिवाळ्यात तो सिलिंडरमध्ये असूनही शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप घेतो. जुन्या जर्मन गाड्यांतली गॅसयंत्रणा ५० मिलिबार दाबाची आणि नवी ३० मिलिबारची असते, आणि जुन्या रेग्युलेटरवर नवी शेगडी बसवणे धोक्याचे आहे. जर्मनीत निवासी वाहनातील गॅसयंत्रणेची दर दोन वर्षांनी तपासणी होते.

युरोपीय नियमांनुसार निवासी मोटारीत टेबलासह आसने, झोपण्याची जागा, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचे कप्पे या चार गोष्टी असाव्या लागतात; त्या पक्क्या बसवलेल्या हव्यात, फक्त टेबल सहज काढता आले तरी चालते. नोंदणीचा प्रकार ‘मालवाहू’वरून ‘निवासी’ करून घेतल्यावर कर व विमा यांची गणिते बदलतात. गाडी तीस वर्षांची झाली आणि मूळ स्वरूपात सुस्थितीत असली, तर ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ पाटी मिळते. तिला वर्षाला सुमारे १९२ युरो असा ठोक कर लागतो आणि २००८ पासून शहरांत सुरू झालेल्या पर्यावरण-क्षेत्रांत, जुने डिझेल असूनही, प्रवेश मिळतो. यात एक पेच आहे : आतले फेरफारही त्या काळाला साजेसे असावे लागतात, त्यामुळे नव्या धाटणीचे चकचकीत स्वयंपाकघर बसवणारा मालक ही सवलत गमावू शकतो.

या गाड्यांचा मराठी मुलखाशी दुहेरी संबंध आहे. १९६० व १९७० च्या दशकांत युरोपातले तरुण अशाच घरी सजवलेल्या व्हॅनमधून तुर्कस्तान, इराण व अफगाणिस्तानमार्गे भारतात येत आणि त्यांतले बरेच जण गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर मुक्काम ठोकत. १९७९ मधील इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांनी तो रस्ता बंद केला. दुसरा संबंध कारखान्याचा आहे. मराठीत रूढ झालेला ‘टेम्पो’ हा शब्द हॅम्बुर्गच्या हार्बुर्ग भागातील टेम्पो कारखान्याचा. त्याच्याशी सहकार्य करून फिरोदिया यांची पुण्याची बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली आणि १९८७ मध्ये तिने आणलेला ‘ट्रॅव्हलर’ टी १ वरूनच घेतलेला होता. आपल्याकडे लग्नाचे वऱ्हाड वाहणारी आणि जर्मनीत तळ्याकाठी पडदे लावून उभी असलेली गाडी अशी सख्खी भावंडे आहेत.

भारतात मात्र अशा रूपांतराला कायद्याची अडचण आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे स्वतंत्र मानक आहे, परंतु त्यानुसार मान्यता मिळवणे हे घरच्या अंगणात काम करणाऱ्याच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून ओम्नीसारख्या छोट्या व्हॅनचे मालक पत्रा न कापता, कायमची वायरिंग न करता, मागची बाक आडवी करून तिच्यावर घडीचा फळ्यांचा पलंग टाकतात, शेगडी गाडीबाहेर पेटवतात आणि परतल्यावर सारे सामान उतरवून ठेवतात. आसने उचकटून काढली, तर प्रमाणपत्रातील आसनसंख्या जुळत नाही आणि आरटीओच्या तपासणीत गाडी अडते.