भाड्यासाठी पहिली जागा घेताय? विसार देण्याआधी हे वाचा

आमच्याकडे भाडेकरार करायला येणारी बरीच मंडळी जागा घेऊन झाल्यावर येतात. वास्तुशांत झालेली असते, पेढे वाटून झालेले असतात, आणि मग खुर्ची पुढं ओढून विचारतात, "हिला भाडं किती येईल हो?" हा प्रश्न विसाराचे पैसे देण्याआधी विचारायचा असतो. म्हणून हे पत्रक.

आम्ही जागा विकत नाही. भाडेकरू बघून देणं, करार नोंदवणं आणि पुण्या-मुंबईत असणाऱ्या मालकांच्या इथल्या, कोल्हापुरातल्या जागा सांभाळणं एवढंच आमचं काम. विकणारा तुम्हाला नवा रंग दाखवतो. आमच्या हातात मात्र त्याच जागेची किल्ली पुढं चार-चार महिने पडून राहिलेली असते.

आधी भाडेकरू ठरवा

स्वतःला राहायचं घर आपण मनानं घेतो. पूर्वेचं दार, देवघराला कोपरा, बाल्कनीतून रंकाळा. भाड्याच्या घरात तुम्ही राहणार नाही, त्यामुळे तुमची आवड बाजूला ठेवा आणि तिथं कोण राहणार हे ठरवा. ते ठरलं की गल्ली, मजला, खोल्या सगळं आपोआप ठरत जातं.

सायबर चौक, सागरमाळ, राजेंद्रनगर, विद्यापीठाचा परिसर इथं मागणी विद्यार्थ्यांची. पोरं-पोरी तीन-चार जणांत भाडं वाटून घेतात, त्यामुळे एकूण रक्कम बरी येते. पण परीक्षा संपली की जागा मोकळी. उन्हाळ्याचे एक-दोन महिने भाडं नाही असं धरूनच चाला, आणि दरवर्षी रंगाचा खर्च धरा. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कामगारांना उचगाव, सरनोबतवाडी, कणेरीवाडी या बाजूला साधी वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) किंवा वन बीएचके हवी असते. भाडं कमी, पण घर सहसा रिकामं राहत नाही. सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या आणि खासगी दवाखान्यांतल्या नर्सताईंना चालत जाण्याच्या अंतरावर जागा लागते, कारण रात्रपाळीहून एकटीनं परतायचं असतं. त्यांच्यासाठी लिफ्टपेक्षा जिन्यातला दिवा महत्त्वाचा.

सध्या सगळ्यात जास्त विचारणा होते ती सर्किट बेंचची. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे इथं बसणारं खंडपीठ, 18 ऑगस्ट 2025 पासून इथं सुरू झालं आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची प्रकरणंही कोल्हापुरात आली. वकिलांना ऑफिस आणि मुक्कामाची जागा लागते हे खरं. पण 'बेंच आलंय, भाव दुप्पट होणार' एवढ्यावर कुणी सौदा गळ्यात मारत असेल तर थांबा. पक्षकार सकाळी येतो, तारीख घेतो आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जातो. तो तुमचा भाडेकरू नाही. न्यायालयाजवळचा छोटा गाळा आणि चार किलोमीटरवरचा थ्री बीएचके यांना एकच बातमी सारखी लागू होत नाही.

जाता जाता एक. 'भाडेकरू शाकाहारीच पाहिजे' ही अट कोल्हापुरात घालणारे मालक आमच्याकडे आहेत. त्यांच्या जागेला आम्ही प्रामाणिकपणे माणूस शोधतो. वेळ लागतो.

हिशेब कागदावर मांडा

एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमच्या जागेचे तुम्ही घाला. फ्लॅट 40 लाखांचा. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 6 टक्के धरलं तर 2 लाख 40 हजार. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30 हजार. वकील, कर्जाचा खर्च, पंखे, गीझर, किचनमधली कपाटं, पडद्यांचे रॉड असं सव्वा लाख. म्हणजे जागा पडली जवळपास 44 लाखांना. लोक हिशेब 40 वर करतात, तिथंच पहिली चूक होते.

भाडं महिना 11 हजार. वर्षात एक महिना रिकामा धरला तर हातात 1 लाख 21 हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना दीड हजार म्हणजे 18 हजार, घरफाळा 9 हजार, दुरुस्ती 12 हजार, करार आणि एजंटचे साडेपाच हजार वजा करा. उरले 76 हजार 500. चव्वेचाळीस लाखांवर हे पावणेदोन टक्क्यांच्याही जरा खालीच बसतं. बँकेतली साधी ठेव याहून जास्त देते.

मग लोक घेतात का? कारण जागेची किंमत वाढेल अशी आशा असते. ती वाढतेही, पण कुठं वाढेल आणि किती, हे भाड्यासारखं दरमहा खात्यात दिसत नाही. ज्याला दरमहा पैसा हवा आहे त्यानं फ्लॅट घेताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. आमचं मत विचाराल तर पहिल्या वेळी मोठ्या फ्लॅटपेक्षा लहान जागा बघा. वन बीएचकेचं भाडं थ्री बीएचकेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्तच मिळतं, आणि भाडेकरू गेला तर दुसरा लवकर सापडतो.

कर्जाचंही तसंच. 30 लाखांचं कर्ज 20 वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण 26 हजार येतो. भाडं 11 हजार. वरचे 15 हजार दरमहा तुमच्या पगारातून किंवा दुकानाच्या गल्ल्यातून जाणार. 'भाड्यातून हप्ता फिटेल' असं कुणी म्हणालं तर त्याच्यासमोर हे दोन आकडे ठेवा. सहा महिन्यांच्या हप्त्याइतकी रक्कम बाजूला नसेल तर या वर्षी घेऊ नका, पुढच्या वर्षी घ्या. कोल्हापूर कुठं जात नाही.

पाणी कुठवर आलं होतं?

2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै इथं कुणी विसरलेलं नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. रमणमळा, दुधाळी, सुतारवाडा, जयंती नाल्याच्या कडेच्या वस्त्या या भागांत जागा बघताना बिल्डरला विचारू नका. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, 'पाणी कुठवर होतं?' तो हातानं दाखवतो. काही भिंतींवर रेघ अजून दिसते.

पुराच्या पट्ट्यात जागा घेऊच नये असं आम्ही म्हणत नाही. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर घेतलेली काही घरं आमच्याकडे वर्षानुवर्षं चालू आहेत. पण मीटरची पेटी, पाण्याची मोटर आणि पार्किंग तळमजल्यावरच असतं. ते बुडालं की वरचा मजला कोरडा असूनही राहण्यालायक राहत नाही आणि भाडेकरू गावी निघून जातो. मोकळा प्लॉट किंवा नवं बांधकाम असेल तर निळी (नेहमीच्या पुराची) आणि लाल (मोठ्या पुराची) पूररेषा नकाशावर बघूनच पुढं जा. निळ्या रेषेच्या आतल्या प्लॉटचा स्वस्त भाव हा स्वस्त नसतो.

दुसरं पाणी नळाचं. उपनगरात आणि हद्दीबाहेर जागा बघायला एप्रिल-मेमध्ये जा. गच्चीवर चढून टाकी बघा, महिन्याला किती टँकर लागतात ते सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. जुलैमध्ये सगळीकडेच पाणी असतं.

कागद

इथं वकिलाला पर्याय नाही, म्हणून थोडक्यात. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेच्या मालकीचा आणि बोज्यांचा इतिहास, घ्या. शहरात प्रॉपर्टी कार्ड, बाहेर सात-बारा आणि एनए (बिगरशेती) आदेश बघा. नवा प्रकल्प 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर असेल आणि 8 पेक्षा जास्त सदनिकांचा असेल तर महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची, नोंदणी लागते. नंबर घेऊन वेबसाईटवर स्वतः तपासा. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण होऊन राहायला मिळालेली परवानगी) मिळालेला फ्लॅट बिल्डरकडून घेतला तर जीएसटी लागत नाही, बांधकाम चालू असताना घेतला तर लागतो. पत्नीच्या एकटीच्या नावावर निवासी जागा घेतली तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. वरच्या उदाहरणात ते 40 हजार होतात, घरात एकदा बोलून बघा.

पेठांतल्या जुन्या वाड्यांबद्दल वेगळं सांगतो. 'आत दोन भाडेकरू आहेत, निघतील की' असं म्हणून वाडा स्वस्तात मिळतो. ते निघत नाहीत. जुन्या भाडेकरूंना भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे आणि त्यांचं भाडं वर्षाला 4 टक्क्यांनीच वाढवता येतं. पहिल्यांदा गुंतवणूक करणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये.

नोटरी म्हणजे करार नव्हे

हा भाग नीट वाचा, कारण आमच्याकडे येणारी निम्मी भांडणं इथली असतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी देणारा करार) लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर मालकाला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचं असं की नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं ठरवायचं ओझं मालकावर. स्टॅम्पवर टाईप करून नोटरीचा शिक्का मारलेला कागद ड्रॉवरमध्ये जपून ठेवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

आमच्या सुरुवातीच्या दिवसांत आम्हीही एकदा हीच चूक केली. मालक ओळखीचे, भाडेकरू त्यांच्या पाहुण्यांतला. 'कशाला नोंदणी, घरचाच आहे' म्हणून साधा कागद केला. मुदत संपली, पाहुणा हलेना. शेवटी मध्यस्थी करून त्याला बाहेर काढेपर्यंत दीड वर्ष गेलं, आणि त्या दीड वर्षात आमची फी तर बुडालीच, मालकांचं त्यांच्या बहिणीकडचं जाणं-येणंही थांबलं. तेव्हापासून आम्ही पाहुण्यांचा करार सगळ्यात आधी नोंदवतो.

खर्च म्हणाल तर तो फारसा नाही. एकूण भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवर धरलेलं 10 टक्के व्याज, या बेरजेच्या 0.25 टक्के मुद्रांक शुल्क. महिना 10 हजार भाडं, 30 हजार डिपॉझिट, 11 महिने असं धरलं तर ते 300 रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1 हजार, ग्रामीण भागात 500. एवढ्यासाठी 40 लाखांची जागा टांगणीला लावू नका. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही माणूस उठला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दरानं भरपाई मागता येते.

उलट बाजूही सांगतो. भाडं थकलं म्हणून लाईट तोडणं, पाण्याचा कॉक बंद करणं, कुलूप घालणं हे करू नका. कायद्यानं मनाई आहे आणि तुमची बरोबर बाजू त्या दिवसापासून चूक होते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं विसरू नका. किल्ली देताना महावितरणच्या मीटरचं रीडिंग, गीझर, नळ, दारं यांचे फोटो काढून दोघांनी व्हॉट्सॲपवर ठेवा. डिपॉझिट परत देतानाची निम्मी वादावादी तिथंच मिटते.

घरफाळा, सोसायटी, इन्कम टॅक्स

जागा भाड्यानं दिल्यावर घरफाळा स्वतःच्या वापरापेक्षा वेगळा लागू शकतो, विशेषतः दुकानगाळ्याला. गाळ्याचं चढं भाडं बघून भुलण्याआधी घरफाळा विभागात आकडा विचारा. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. जास्त मागत असतील तर नम्रपणे नियम दाखवा. इन्कम टॅक्समध्ये भाड्यातून भरलेला घरफाळा वजा होतो आणि उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, बिलं दाखवावी लागत नाहीत. कर्जाच्या व्याजाचं गणित जुन्या आणि नव्या कररचनेत वेगळं आहे, ते तुमच्या सीएंना विचारा.

आमच्याकडे येताना

जागा घेण्याआधी आलात तर फक्त पत्ता आणि मागितलेली किंमत घेऊन या. त्या गल्लीत आमच्याकडे काय भाडं चालू आहे ते सांगू, त्याचे पैसे घेत नाही. करारासाठी येताना मालक आणि भाडेकरू दोघांचं आधार आणि पॅन, जागेचं लाईट बिल किंवा घरफाळ्याची पावती आणि ओळख पटवायला दोन माणसं लागतात. नोंदणी अंगठ्याच्या ठशावर होते. फौंड्रीत नाहीतर गुऱ्हाळावर काम करणाऱ्यांचा ठसा मशीन पहिल्या फटक्यात घेत नाही, हात धुऊन पुसून तीन-चार वेळा लावावा लागतो. तेव्हा दुपारच्या सुट्टीत घाईनं येण्यापेक्षा कामावरून सुटल्यावर या.