खांब, गाभारा आणि तिसावा हिस्सा

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातभर अंतरावरचा खांब आणि मागं गाभाऱ्यातला बुद्ध एका चौकटीत धरायचा मोह कुणालाही होतो. साध्या फोटोत ते छान दिसतं. थ्रीडीत मात्र बुद्धावर नजर लावली की खांबाचे दोन होतात, खांब जुळवायला जावं तर बुद्ध फाटतो, आणि चार फोटोंत डोकं धरतं.

याच लेण्यांत त्यांतल्या चित्रांच्या नकला करणारा मेजर रॉबर्ट गिल स्टिरिओ, म्हणजे दोन डोळ्यांसाठी दोन फोटो घेणारा, कॅमेरा घेऊन वावरला होता. आपल्याकडं गिल म्हटलं की त्याची प्रेयसी पारोच आठवते, फार तर १८६६ साली लंडनच्या आगीत जळालेली त्याची तैलचित्रं. पण १८६४ साली त्याच्या शंभर स्टिरिओ छायाचित्रांचं पुस्तक लंडनला निघालं, वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसनच्या वर्णनासह. तेव्हा हे तंत्र तसं कोवळंच होतं. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदू खोली उभी करतो, हे चार्ल्स व्हीटस्टोननं १८३८ साली आरशांच्या यंत्रानं दाखवून दिलं. अशी चित्रं बघायची डेव्हिड ब्रूस्टरची भिंगांची पेटी १८४९ सालची. १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर तिचं वेडच लागलं.

वादही तेव्हापासूनचा. दोन भिंगांत अंतर किती ठेवायचं? ब्रूस्टरचा हट्ट डोळ्यांइतकंच, म्हणजे सुमारे अडीच इंच. बरेच छायाचित्रकार मात्र उठाव वाढवायला अंतर वाढवत. दोघांचंही एका परीनं खरं. देवगिरीचा किल्ला लांबून काही मीटरच्या अंतरानं दोनदा टिपला तर उठाव झकास येतो, पण किल्ला दिवाळीत पोरं करतात त्या मातीच्या किल्ल्याएवढा दिसू लागतो.

मर्यादा खरी डोळ्यांत आहे. १८५८ साली पॅनुम या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं दाखवलं की दोन प्रतिमा अगदी नेमक्या जुळल्या नाहीत तरी मेंदू त्या एक करतो, पण थोड्याच पट्ट्यात. त्यापलीकडं वस्तू दुहेरी दिसते. दुसरी अडचण जास्त छुपी. प्रत्यक्षात जवळची वस्तू बघताना डोळे आत वळतात आणि फोकसही जवळ येतो. दोन्ही कामं जोडीनं चालतात. थ्रीडीत फोकस पडद्यावरच राहतो आणि डोळे भलतीकडं वळतात. ही ओढाताण किती सोसते, याचा हिशोब पर्सिव्हल या नेत्रतज्ज्ञानं चष्म्यांच्या संदर्भात मांडला होता: डोळे वळण्याची जेवढी मुभा, तिचा मधला तिसरा हिस्साच आरामाचा. थकवा या ओढाताणीतूनच येतो, हे २००८ साली मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी खास बनवलेल्या पडद्यावर प्रयोग करून दाखवलं.

छायाचित्रकारांना एवढ्या खोलात जायला वेळ कुठला! त्यांच्यात एक ठोकताळा रूढ झाला: सर्वांत जवळची वस्तू जितक्या अंतरावर, त्याच्या तिसाव्या हिश्श्याइतकंच अंतर दोन भिंगांत ठेवा. साडेसहा सेंटीमीटर असेल तर जवळची वस्तू साधारण दोन मीटरवर हवी.

सिनेमानं हा धडा पुन्हा पुन्हा गिरवला. १९५२ नंतरची अमेरिकेतली थ्रीडी सिनेमांची लाट दोन-तीन वर्षांत ओसरली. दोन प्रोजेक्टर नीट जुळत नसत, हेही त्याचं एक कारण. पडद्याचा आकारही घात करतो. दहा मीटर रुंद पडद्यावर अगदी लांबच्या वस्तूच्या दोन प्रतिमा एकमेकींपासून रुंदीच्या ०.६५ टक्क्यापेक्षा लांब गेले की डोळ्यांना बाहेर वळावं लागतं, आणि तशी त्यांना सवय नाही. तेवढीच टक्केवारी मीटरभर रुंद टीव्हीवर जाणवतही नाही. म्हणून घरी सुंदर दिसलेली क्लिप मोठ्या पडद्यावर डोळे दुखवते. आपल्याकडं १९८४ च्या मल्याळम 'माय डियर कुट्टिचातन'पासून वस्तू अंगावर धावून येण्याचं कौतुक फार; क्षणभर ते चालतंही, सतत नाही.

आता काही फोनमध्येच स्टिरिओ व्हिडिओ घेता येतो. तिथं भिंगं जेमतेम दोन सेंटीमीटरवर, म्हणजे साठेक सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं. बदल्यात कैलास लेण्याचं अंगण लांबून सपाट वाटतं.

तिसाव्या हिश्श्याचा ठोकताळा पार्श्वभूमी अनंतापर्यंत मोकळी आहे असं धरतो, हे पुष्कळजण विसरतात. लेण्यात तसं नसतं. खांब दीड मीटरवर आणि चित्रांची भिंत तीन मीटरवर असेल, तर साडेसहा सेंटीमीटरचा कॅमेरासुद्धा खुशाल चालतो. त्याच जागी मागं वळून दारातून समोरच्या वाघूर नदीच्या घळीकडं कॅमेरा धरला, की पुन्हा दोन मीटरच्या आत काही येऊ द्यायचं नाही.