गेको कुठे झोपतो, ते आधी बघा

ट्यूबलाइटमागची पाल डोळे मिटून बसलेली कधी दिसत नाही, कारण तिला मिटायला पापण्याच नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक पडदा असतो आणि तो ती जिभेनं पुसते. हौसेनं घरी पाळला जाणारा लेपर्ड गेको तिच्याच दूरच्या नात्यातला, पण त्याच्या डोळ्यांना हलणाऱ्या पापण्या असतात. ‘युब्लेफॅरिस मॅक्युलॅरिअस’ या त्याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द ग्रीक आहे, अर्थ ‘चांगल्या पापण्यांचा’. दुसऱ्याचा अर्थ ठिपकेदार. पाळणाऱ्याला या पापण्यांचा मोठा उपयोग होतो, कारण गेको खरंच झोपलाय की नुसता निपचित पडलाय हे ओळखता येतं.

सातारा-सांगलीत नव्यानं गेको पाळणाऱ्यांची हमखास तक्रार असते, “हा दिवसभर झोपूनच असतो.” त्यात बिघडलेलं काही नाही. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि त्यांच्या लगतच्या खडकाळ, कोरड्या मुलखातला हा प्राणी दिवसाचा ताप टाळून कपारीत पडून राहतो आणि दिवेलागणीला बाहेर येतो. रात्रीचा पहिला प्रहर आणि पहाट या त्याच्या फिरण्याच्या वेळा. म्हणून तो किती तास झोपतो हे मोजत बसण्यापेक्षा कुठे झोपतो ते बघा. टँकमधलं, म्हणजे त्याला ठेवायच्या पेटीतलं, काय चुकलंय हे ती जागाच सांगते.

त्याला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. खाल्लेलं पचवायला तो गरम जमिनीवर पोट टेकवून पडतो. म्हणून साधारण ३ फूट लांब आणि दीड फूट रुंद टँकच्या एका टोकाला जमीन ३१ ते ३३ अंश सेल्सिअस ठेवायची आणि दुसऱ्या टोकाला २४ ते २६. लपायला तीन जागा, म्हणजे बिळं, हवीत: एक गरम बाजूला, एक थंड बाजूला आणि एक ओलसर, म्हणजे आत ओलं मॉस (शेवाळ) किंवा ओला टिश्यूपेपर ठेवलेली. यासाठी महागडी प्लॅस्टिकची गुहा घेण्याची गरज नाही. मंगलोरी कौलाचा तुकडा किंवा कुंभाराकडचं आडवं ठेवलेलं छोटं मडकं उत्तम काम देतं. मडक्याच्या तोंडाची धार मात्र कानशीनं घासून घ्या. आतली जागा ऐसपैस नसावी. पाठ आणि कुशी कशाला तरी टेकल्या, की त्याला सुरक्षित वाटतं आणि मगच तो निवांत झोपतो.

आता त्याची जागा वाचायची. खाल्ल्यावर गरम बाजूला पाय पसरून सपाट पडलेला गेको मजेत असतो. ओलसर बिळात मुक्काम ठोकला आणि कातडी फिकट पांढुरकी दिसू लागली, तर एक-दोन दिवसांत कात टाकणार. तीन-चार दिवस थंड टोकालाच चिकटून असेल तर गरम बाजू बहुधा भाजते आहे. भर उजेडात, उघड्यावर झोपत असेल तर बिळं मोठी आहेत, चुकीच्या ठिकाणी आहेत किंवा आतलं तापमान त्याला मानवत नाही.

सगळ्यात जास्त घोळ हीट मॅटचा, म्हणजे टँकच्या तळाला लावायच्या विजेवर तापणाऱ्या चटईचा होतो. ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद-चालू करणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय ती लावूच नये. थर्मोस्टॅटचा सेन्सर गरम बिळातल्या जमिनीवर, मॅटच्या बरोबर वर घट्ट बसवून ३२ अंशांवर लावायचा. तो सरकून थंड बाजूला गेला, की मॅट तापतच राहते आणि वर झोपलेल्या गेकोचं पोट भाजतं. मॅटवर वाळूचा जाड थर दिला तर उष्णता खाली कोंडते, वर मात्र जमीन गार लागते. त्यापेक्षा शहाबादी फरशीचा पातळ तुकडा बरा. तो ऊब धरून ठेवतो आणि पुसायलाही सोपा. तापमान मोजायला कपाळाचा ताप बघायची बंदूक चालत नाही, ती माणसाच्या तापापुरतीच बनवलेली असते. वस्तूच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवणारं इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या.

इथल्या हवेचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात सांगलीत पारा चाळिशीपार जातो. स्लॅबखालच्या वरच्या खोलीत मॅट बंद असली तरी टँकमध्ये गार कोपरा उरत नाही. तेव्हा टँक खालच्या मजल्यावर न्या आणि बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून थंड टोकाला टँकच्या वरच्या जाळीवर ठेवा. गेको तोंड उघडून धापा टाकत असेल तर थांबू नका, लगेच गार जागी हलवा. पावसाळ्यात साताऱ्याकडची दमट हवा त्याला सोसत नाही, म्हणून जाळी झाकू नका आणि ओलसर बीळ सोडून बाकी टँक कोरडा ठेवा.

थंडीत रात्री टँक २० अंशांपर्यंत उतरला तर बिघडत नाही, पण दिवसा ऊब मिळालीच पाहिजे. लाईट बराच वेळ जाणार असेल तर त्या संध्याकाळी खायला घालू नका, कारण थंड पडलेल्या पोटात किडे पचत नाहीत, सडतात. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून टँकच्या बाहेर एका टोकाला लावा आणि वरून गोधडी घाला. हवेला फट राहू द्या.

उजेड रोज ठरलेल्या वेळीच चालू-बंद व्हावा, टायमरवर १२ तास ठेवला तरी पुरे. आपल्याकडे दिवस जूनमध्ये जेमतेम १३ तासांचा आणि डिसेंबरमध्ये ११ तासांचा असतो. त्याच्या मूळ मुलखात हा फरक जास्त, सुमारे १४ आणि १०. रात्री लाल बल्ब लावायची पद्धत सोडून द्यावी. गेकोला अंधुक प्रकाशात आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं, त्यामुळे त्याला रात्र पूर्ण काळोखीच हवी. खाणं दिवे मालवायच्या सुमारास द्या. मोठ्या गेकोला दोन-तीन दिवसांआड पाच-सहा किडे, तेही त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नकोत. पाव तासानं उरलेले रातकिडे काढून घ्या, कारण ते झोपलेल्या गेकोला कुरतडतात.

झोपेत गेको स्वप्नं पाहतो का, असं अनेक जण विचारतात. २०१६ मध्ये बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याच्या मेंदूत झोपेच्या दोन अवस्था आलटून पालटून येताना नोंदल्या गेल्या, एक आवर्तन साधारण ८० सेकंदांचं. त्यातली एक माणसाच्या स्वप्नांच्या झोपेशी मिळतीजुळती. हे गेकोलाही लागू आहे असं त्यावरून म्हणता येत नाही, पण झोपेत त्याची बोटं किंवा पापण्या किंचित हलल्या म्हणून घाबरायला नको.

घाबरायचं ते पुढच्या गोष्टींना. एकच डोळा सतत मिटलेला असेल, तर पापणीखाली कात अडकलेली असू शकते किंवा अ जीवनसत्त्व कमी पडलेलं असू शकतं. चिमट्यानं ओढू नका, डोळा जाईल. शेपटीत तो चरबी साठवतो. शेपटी मुळाशी बारीक होत असेल आणि सांजवेळीही तो उठत नसेल, तर त्याला आळस आलेला नाही, तो आजारी आहे. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर डब्यासकट वजन करून लिहून ठेवा. मोठा गेको साधारण ४५ ते ८० ग्रॅमचा असतो. दहावा हिस्सा घटला की पशुवैद्य गाठायचा. सरपटणारे प्राणी तपासणारे डॉक्टर गावोगावी नसतात, म्हणून शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात आधीच चौकशी करून नंबर भिंतीवर लावून ठेवा. जाताना वजनांची वही, टँकच्या दोन्ही टोकांच्या तापमानाची नोंद आणि ताजी विष्ठा छोट्या डबीत घेऊन जा.