सिग्नल येताच मेमरीच्या परवानग्या का बदलतात?

प्रोग्रॅमची मेमरी साधारणपणे ४ केबीच्या पेजेसमध्ये विभागलेली असते. कुठल्या पेजवर लिहायचं, कुठलं नुसतं वाचायचं, याची नोंद पेज टेबलमध्ये असते. ती बदलायला एमप्रोटेक्ट हा सिस्टिम कॉल वापरला, तर दर वेळी कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, जावं लागतं. पासवर्डसारखी नाजूक माहिती क्षणभर उघडून लगेच बंद करायची असेल, तर हा फेरा महागात पडतो.

त्यावर इंटेल आणि एएमडीच्या नव्या प्रोसेसरांत सोय आहे ती ‘प्रोटेक्शन की’ची. प्रत्येक पेजवर ४ बिटांचा, म्हणजे ० ते १५ पैकी एक क्रमांक असतो. प्रत्येक थ्रेडजवळ (प्रोग्रॅममधल्या कामाच्या प्रत्येक स्वतंत्र धाग्याजवळ) पीकेआरयू नावाचं ३२ बिटांचं रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधली छोटी साठवण, असतं आणि त्यात प्रत्येक क्रमांकासाठी दोन बिट: एक वाचन-लेखन दोन्ही बंद करतो, दुसरा फक्त लेखन. प्रोसेसरच्या एका सूचनेत परवानगी बदलते, कर्नल मध्ये येत नाही. लिनक्समध्ये यासाठीचे सिस्टिम कॉल २०१६ साली ४.९ आवृत्तीत आले.

गुंता होतो तो सिग्नल, म्हणजे चालू प्रोग्रॅमला मध्येच थांबवून कर्नलने दिलेली खबर, आल्यावर. कर्नल थ्रेड थांबवतो, पीकेआरयूसकट सगळी रजिस्टरं स्टॅकवरच्या (फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीतल्या) सिग्नल फ्रेममध्ये जपून ठेवतो आणि हँडलर, म्हणजे सिग्नल हाताळणारं फंक्शन, सुरू करण्याआधी पीकेआरयूत सुरुवातीची ठरावीक किंमत घालतो. ती सहसा हेक्साडेसिमल ५५५५५५५४ असते: क्रमांक ० उघडा, बाकी १५ बंद. मूळ कोडने क्रमांक ३ उघडलेला असला तरी हँडलरला तो बंदच मिळतो. समजा, हँडलर लिहितो ती लॉगची जागा क्रमांक ३ च्या पेजवर आहे. सिगसेगव्ह (मनाई असलेल्या मेमरीला हात लागल्याचा सिग्नल) हाताळताना तोच सिग्नल सहसा रोखलेला असतो. त्यामुळे त्या बंद पेजवर लिहिण्याची दुसरी चूक घडताच कर्नल प्रोग्रॅम तिथल्या तिथे मारतो आणि लॉगमध्ये काहीच उरत नाही.

उलटी चूक जास्त फसवी आहे. बंद पेजला हात लागला की सिग्नलच्या माहितीत एसआय-कोड या रकान्यात ‘सेगव्ह-पीकेयूईआरआर’ हे कारण असतं आणि एसआय-पीकी या रकान्यात क्रमांक मिळतो. तो पाहून हँडलर पीकी-सेट या फंक्शनने परवानगी उघडतो आणि परततो. परतताना कर्नल फ्रेममधलं जुनं पीकेआरयू पुन्हा बसवतो, तीच सूचना पुन्हा अडते आणि प्रोग्रॅम अखंड त्याच फेऱ्यात फिरत राहतो. बदल टिकवायचा तर फ्रेममधली जपलेली किंमतच बदलावी लागते. ती फ्रेमच्या एक्ससेव्ह भागात (प्रोसेसरची जादा रजिस्टरं जपण्याच्या जागेत) घटक ९ म्हणून असते आणि तिची जागा सीपीयूआयडीला, म्हणजे प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सूचनेला, विचारूनच काढावी. आकडा कोडमध्ये कोरला, तर दुसऱ्या प्रोसेसरवर भलतंच रजिस्टर बिघडेल. एमप्रोटेक्टने केलेला बदल मात्र टिकतो, कारण पेज टेबल फ्रेममध्ये नसतं.

हँडलरमधून सिगलाँगजंपने (आधी नोंदवलेल्या जागी थेट उडी मारणाऱ्या फंक्शनने) बाहेर पडलं, तर फ्रेम परत बसवलीच जात नाही. मूळ कोड मग हँडलरच्याच बंद परवानग्यांनिशी चालू राहतो. म्हणून उडी पोहोचते तिथे पीकेआरयू स्वतः लिहावं लागतं. प्रोटेक्शन की वापरणाऱ्या प्रत्येक लायब्ररीच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं हवं, कारण कोड वाचून ते कळत नाही.

सिग्नलसाठीचा वेगळा स्टॅक क्रमांक ० च्याच पेजेसवर ठेवावा. लिनक्स ६.१२ च्या आधी कर्नल फ्रेम लिहितानाही थांबलेल्या थ्रेडच्याच परवानग्या पाळायचा, त्यामुळे स्टॅक बंद असेल तर हँडलर सुरूच होत नसे. ६.१२ पासून फ्रेम लिहिताना कर्नल सगळे क्रमांक तात्पुरते उघडतो. पण हँडलर चालू झाला की पुन्हा फक्त क्रमांक ० उघडा राहतो.