धनुष्यबाणांची घरगुती जुळणी

धनुर्धराने आपल्या धनुष्याची प्रत्यंचा, बाण व अनुषंगिक साहित्य साध्या हत्यारांनी स्वतः तयार करणे, दुरुस्त करणे आणि एकमेकांशी जुळवून घेणे. अखंड लाकडातून धनुष्य कोरणे हा स्वतंत्र कारागिरीचा विषय असल्याने त्याचा येथे विचार केलेला नाही. घरगुती जुळणीने बाणाचा वेग फारसा वाढत नाही. प्रत्येक बाण आधीच्या बाणासारखाच सुटावा, एवढाच तिचा हेतू असतो. या विषयावरील बरेच हौशी लेखन मात्र वेगाभोवतीच फिरते.

इतिहास : प्रत्यंचेसाठी कोणते द्रव्य वापरावे याचा ऊहापोह फार जुना आहे. कौटिलीय *अर्थशास्त्रा*च्या दुसऱ्या अधिकरणात शस्त्रागाराच्या वर्णनात मूर्वा, रुई, ताग, गवेधु व बांबू यांचे तंतू आणि जनावरांच्या कंडरा अशी सहा द्रव्ये दिली आहेत. या ग्रंथाचा काळ वादग्रस्त आहे. परंपरेने तो इ. स. पू. चौथ्या शतकातील मानला जातो. उपलब्ध संहिता इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत सिद्ध झाली, असे अलीकडील अनेक अभ्यासक मानतात व भाषिक पुराव्याकडे पाहता हे मत अधिक सयुक्तिक वाटते. अर्थात द्रव्यांची अशी यादी संहितेहून जुन्या व्यवहारातून आलेली असू शकते.

प्रत्यक्ष अवशेषांत आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सापडलेल्या, सु. ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या हिममानवाचे साहित्य महत्त्वाचे आहे. त्याचे सु. १·८२ मी. लांबीचे यू लाकडाचे धनुष्य अपुरे होते आणि भात्यातील १४ बाणांपैकी दोनच पूर्ण झालेले होते. त्या दोन बाणांची तीन-तीन अर्धपिसे भूर्जाच्या डांबराने चिकटवून वर बारीक दोऱ्याने आवळलेली आहेत. ही पद्धत आजचा हौशी धनुर्धरही जवळजवळ तशीच वापरतो. भात्यातील वळलेल्या दोरीविषयी बराच काळ मतभेद होते. ती कंडरातंतूंची असल्याचे सूक्ष्म परीक्षणात दिसून आल्यावर ती प्रत्यंचाच असावी, या मताला बळ मिळाले. स्पेनमधील अल्बुन्योल येथील मुर्सिएलागोस गुहेतील कंडरांच्या प्रत्यंचा त्याहून जुन्या, साधारणतः इ. स. पू. ५३००–४९०० या काळातील ठरविण्यात आल्या आहेत (२०२४). तंतुमय द्रव्ये जमिनीत सहसा टिकत नाहीत. त्यामुळे ‘सर्वांत जुनी प्रत्यंचा’ हे बिरुद तात्पुरतेच समजणे योग्य. इंग्रजांचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडाले व १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यातून शंभराहून अधिक धनुष्ये आणि हजारो बाण हाती लागले, तरी प्रत्यंचा मात्र निश्चितपणे ओळखता आलेली नाही. त्याच १५४५ साली रॉजर अॅस्कम यांनी आपल्या धनुर्विद्येवरील ग्रंथात वाईट दोरी चांगली धनुष्ये मोडते, असा इशारा दिलेला आहे.

विसाव्या शतकात या क्षेत्रात शास्त्रशुद्ध मोजमाप आणले ते मुख्यतः हौशी धनुर्धर असलेल्या अभियंत्यांनी व भौतिकीविदांनी. क्लॅरेन्स हिकमन व पॉल क्लॉपस्टेग ही त्यांतील ठळक नावे. कप्प्यांचे कंपाउंड धनुष्यही मोठ्या कारखान्यात जन्मलेले नाही. अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर अॅलन यांनी स्वतः खटपट करून ते बनविले, १९६६ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला व १९६९ मध्ये त्यांना ते मिळाले.

प्रत्यंचा : दोरी दोन प्रकारे बनवितात. फ्लेमिश दोरीत धाग्यांचे दोन किंवा तीन पदरगट करतात. प्रत्येक गट एका दिशेने पिळतात व गट एकमेकांभोवती उलट दिशेने वळून टोकाचा फास तयार करतात. फळीवर खिळ्यांच्या पायऱ्या करून धागे थोड्या-थोड्या फरकाने आखूड कापले, तर फासाची जाडी हळूहळू उतरत जाते. सगळे धागे एकाच ठिकाणी संपले की तेथे गाठीसारखा कमकुवत भाग राहतो. अखंड दोरीत एकच धागा दोन खुंट्यांभोवती हव्या तितक्या वेळा फिरवून टोकांवर दोऱ्याचे वेष्टन करतात. पहिली पिळून लांबी बदलण्यास सोयीची, तर दुसरीत सर्व पदरांवर ताण अधिक समान पडतो. स्पर्धक बहुधा दुसरी पसंत करतात.

दोरीची लांबी धनुष्यावर नोंदविलेल्या लांबीपेक्षा सु. ३ इंच कमी ठेवण्याचा प्रघात आहे. डेक्रॉन या पॉलिएस्टर धाग्याचे १२ पदर ४० पौंडांच्या आसपासच्या धनुष्याला सामान्यतः पुरतात. डेक्रॉन ताणाखाली लांबतो व त्यामुळे बाण सुटतानाचा धक्का अंशतः शोषून घेतो. उच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनचे धागे जवळजवळ लांबत नाहीत. त्यांच्याने वेग वाढतो, पण धक्का सरळ भुजांच्या टोकांवर जातो. टोकांना बळकटी न दिलेल्या जुन्या धनुष्यावर असे धागे चढविणे धोक्याचे आहे. हा धागा सु. १४५° से. ला वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधी दुबळा होतो. म्हणून मेण चोळताना कातड्याच्या तुकड्याची ऊब पुरेशी असते, ज्योत दाखवू नये.

दोरी आणि धनुष्याची मूठ यांतील अंतर दोरीला पीळ देऊन वाढविता येते व उलगडून कमी करता येते. पूर्वी हे अंतर मूठ आवळून अंगठा ताठ उभा केल्यावर भरते तेवढे, म्हणजे सु. ६–७ इंच, धरीत. सध्याच्या रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या) धनुष्यांत ते ८–९ इंचांपर्यंत असते. अंतर पाव इंचाने बदलत, प्रत्येक वेळी काही बाण सोडून आवाज ऐकावा. ज्या अंतरावर धनुष्य सर्वांत कमी खणखणते ते बहुधा योग्य असते. आकडा वहीत टिपून ठेवणे अगत्याचे, कारण नवी दोरी पहिले काही दिवस लांबत राहते.

बाण अडकविण्याच्या जागेवरील वेष्टनाची जाडी ही अनेकांकडून दुर्लक्षिली जाणारी बाब आहे. बाण दोरीला लावून धनुष्य आडवे धरावे; बाण खाली लोंबत राहिला पाहिजे आणि दोरीवर बोटाने हलकी टिचकी मारताच गळून पडला पाहिजे. टिचकीनेही तो सुटला नाही, तर बाणाच्या मागील टोकाची खाच घट्ट आहे. आपोआप गळून पडला, तर खाच सैल आहे व ओढताना तो निसटून रिकाम्या दोरीचा फटका बसू शकतो. वेष्टनाचा दोरा बारीक वा जाड घेऊन, किंवा खाली एखाद-दुसरा पदर वाढवून हे सुधारता येते.

बाणाची जागा ठरविणारी खूण पितळी कडीऐवजी दात स्वच्छ करण्याच्या धाग्याने बांधण्याची पद्धत हौशींपासून स्पर्धकांपर्यंत सर्वत्र रूढ झाली आहे. अशी खूण हलकी असते. तिचे वेढे दोरीवरील वेष्टनाच्या आट्यांवर बसत असल्याने बोटाने फिरवली की ती स्क्रूसारखी वर-खाली सरकते. जागा पक्की झाल्यावरच पातळ गोंदाचा एक थेंब द्यावा.

बाणाची ताठरता : बाण जितका ताठ, तितका चांगला, हा समज चुकीचा आहे. दोरीचा रेटा व बोटांवरून दोरीचे घसरणे यांमुळे बाण सुटताना वाकतो आणि धनुष्याच्या मुठीला वळसा घालून पुढे जातो. मुठीच्या एका बाजूला टेकलेला बाण समोरच का जातो, या प्रश्नाला ‘धनुर्धराचा विरोधाभास’ म्हणतात. ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः रॉबर्ट पी. एल्मर यांना दिले जाते. हिकमन यांच्या अतिवेगवान छायाचित्रणाने बाणाची ही सर्पाकार हालचाल प्रत्यक्ष दाखवून दिली व क्लॉपस्टेग यांनी १९४३ मध्ये तिचे भौतिक विवेचन प्रसिद्ध केले. वाकण्याचे मुख्य कारण बोटांची बाजूची घसरण की बाणाच्या मागील टोकावरील दाब, याविषयी मतभेद दिसतात. यांत्रिक मोचकाने, म्हणजे बोटांऐवजी दोरी सोडणाऱ्या साधनाने, सोडलेला बाण प्रामुख्याने वर-खाली वाकतो, बाजूला नव्हे. हे लक्षात घेता पहिले कारण जुळणी करणाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे मानावे लागते.

ताठरता मोजण्याचे साधन घरी सहज होते. फळीवर २६ इंच अंतराने दोन टेकू ठोकून त्यांवर बाणाची काठी आडवी ठेवतात व मध्यभागी २ पौंडांचे, म्हणजे सु. ९०७ ग्रॅमचे वजन टांगतात. स्वयंपाकघरातील तराजूवर तोललेली वाळूची बाटली चालते. काठी जितके इंच खाली लवते त्या आकड्याने २६ ला भागले, की लाकडी बाणाची ताठरता पौंडांत मिळते. लवण ०·५२ इंच असेल, तर ताठरता ५० पौंड. एवढा बारीक फरक डोळ्यांना नीट दिसत नाही. म्हणून एक लांब काटा खिळ्यावर असा बसवितात की त्याचा आखूड हात काठीला टेकेल आणि दसपट लांब हात मोजपट्टीवर फिरेल. लाकडी काठी चारी बाजूंनी फिरवून मोजावी. वार्षिक वलयांच्या कडा वर-खाली येतात तेव्हा ती सर्वांत ताठ असते, आणि तीच बाजू धनुष्याकडे राहील अशी खाच कापतात. यामुळे खाच वलयांना काटकोनात येऊन दोरीच्या दाबाने लाकूड चिरण्याचा संभवही कमी होतो.

कार्बन बाणांवरचा आकडा मात्र वेगळ्या मापाचा असतो. तेथे टेकूंतील अंतर २८ इंच व वजन ८८० ग्रॅम असून लवण इंचाच्या हजाराव्या भागांत लिहितात; ५०० म्हणजे अर्धा इंच. आकडा मोठा तितका बाण मऊ, लाकडी बाणाच्या नेमके उलट. लवण वजनाच्या प्रमाणात आणि अंतराच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे कार्बनच्या लवणाला सु. ०·८२५ ने गुणले की जुन्या पद्धतीची लवण येते. ५०० चा बाण या हिशेबाने सु. ०·४१ इंच लवेल आणि जुन्या मापात सु. ६३ पौंडांचा ठरेल. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या कोष्टकात शोधल्याने पुष्कळांची निवड फसते.

टेकूंवर मोजलेली ही स्थिर ताठरता होय. प्रत्यक्ष सुटताना बाण कसा वागेल, हे त्याची लांबी, टोकाचे वजन, दोरीचे द्रव्य आणि मुठीचा काप किती खोल आहे यांवरही अवलंबून असते. कोष्टकावरून निवड करावी व अखेरचा निर्णय चाचणीवर सोडावा.

बिनपिसांची चाचणी : पिसे बाणाच्या चुका उड्डाणात दुरुस्त करतात, म्हणून चुका पाहायच्या तर पिसे काढावी लागतात. सु. १८ मी. वरून पिसांचे तीन-चार व बिनपिसांचे एक-दोन बाण त्याच नेमाने सोडतात. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण समूहाच्या डावीकडे गेला, तर बाण फार ताठ. उजवीकडे गेला, तर फार मऊ. तो समूहाच्या खाली लागल्यास दोरीवरील खूण थोडी खाली घ्यावी, वर लागल्यास वर. ताठ बाणाला जड टोक लावतात, मऊ बाणाला हलके. मऊ बाण कापून आखूडही करता येतो, पण कापलेले परत जोडता येत नाही. एका वेळी पाव इंचाहून अधिक कापू नये आणि पूर्ण ओढल्यावर टोक मुठीच्या पुढे राहील एवढी लांबी नेहमी ठेवावीच.

या चाचणीत एक फसवणूक संभवते. बाणाची शेपटी टेकूला, म्हणजे मुठीवर बाण जेथे टेकतो त्या आधाराला, घासून गेली, तर मऊ बाणही ताठ असल्यासारखा वागतो. टेकूवर व मुठीवर टाल्कम पावडर भुरभुरून बाण सोडला, की घासल्याची रेघ दिसते. धनुर्धराचा सोडण्याचा हात अजून स्थिर नसेल तर ही चाचणी घेण्यात अर्थ नाही. समूहच विखुरलेला असेल तर कोणता बाण कशामुळे बाजूला गेला हे कसे ठरविणार?

पिसे व वजन : एका बाणावर सर्व पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची हवीत, डावी-उजवी मिसळली तर ती परस्परविरुद्ध वळण देतात. एका संचातील बाण तोलून जवळच्या वजनांचे गट करावेत. लाकडी धनुष्यासाठी ताणाच्या प्रत्येक पौंडाला ८–१० ग्रेन हे वजन सुरक्षित मानतात; ४० पौंडांच्या धनुष्याला ३२०–४०० ग्रेन, म्हणजे सु. २१–२६ ग्रॅम. धनुष्याचा खरा ताण साध्या टांगत्या काट्याने पाहता येतो. काटा दोरीला अडकवून आपल्या नेहमीच्या ओढीइतकाच खेचावा, कारण धनुष्यावरील आकडा २८ इंच ओढीचा असतो.

सुरक्षितता : बाणाविना दोरी सोडू नये. कार्बन बाण प्रत्येक वेळी सोडण्यापूर्वी दोन्ही हातांनी हलकेच वाकवून, कानाजवळ धरून कुरकुर ऐकावी आणि कापसाचा बोळा त्यावरून फिरवावा. तंतू अडकला तर बाण बाद. कार्बन कापताना निघणारी धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मुखपट्टी आवश्यक आहे. पाण्याच्या पीव्हीसी नळ्यांची धनुष्ये घरी बनविण्याची टूम दिसते. नळी वारंवार वाकण्यासाठी बनलेली नसते, उन्हाने व थंडीने ठिसूळ होते व फुटताना तुकडे चेहऱ्याकडे उडतात. त्या वाटेस न जाणे बरे.

लक्ष्य : जुने कपडे पोत्यात घट्ट ठासून अथवा पुठ्ठ्याचे थर पट्ट्यांनी आवळून उभे करतात. कपड्यांतील बटणे व साखळ्या आधी काढाव्या लागतात.

स्पर्धांचे नियम : जागतिक धनुर्विद्या संघटनेच्या नियमांनुसार बेअरबो (नेमदर्शक नसलेल्या धनुष्याच्या) प्रकारात जोडणीसकट, दोरी न चढविलेले धनुष्य १२·२ सेंमी. आतील व्यासाच्या कड्यातून पार व्हावे लागते, आणि नेम धरण्यास उपयोगी पडतील अशा खुणा नेमखिडकीत (मुठीवरील कापात) चालत नाहीत. बाणाच्या काठीचा व्यास ९·३ मिमी. पेक्षा अधिक असू नये. घरी चिकटवलेली एखादी रंगीत पट्टी सरावात निरुपद्रवी असली, तरी साहित्य-तपासणीत ती काढावी लागते.