खय्यामच्या रुबायांचे कर्तृत्व

उमर खय्याम (१०४८–११३१) हा निशापूरचा गणिती व ज्योतिर्विद. त्याच्या नावावर हजाराहून अधिक फारसी रुबाया, म्हणजे चार चरणांच्या कविता, सांगितल्या जातात. त्यांतील त्याच्या खऱ्या किती, हा फारसी साहित्याच्या अभ्यासातील सर्वांत चिवट वाद आहे. त्याला प्रत्यक्ष भेटलेल्या निझामी अरूझीने ‘चहार मकाला’ या ग्रंथात त्याची गणना ज्योतिष्यांत केली आहे, कवींत नाही. त्याच्या फारसी रुबायांचा महत्त्वाचा जुना पुरावा सापडतो तो १२२३च्या सुमारास, तोही विरोधकाच्या लेखणीतून: सूफी नजमुद्दीन राझीने खय्यामला पाखंडी ठरवताना त्याच्या दोन रुबाया उद्धृत केल्या.

घोळाचे मूळ रुबाईच्या घडणीतच आहे. गझलेच्या अखेरीस कवीचे तखल्लुस येते, जशी आपल्या अभंगात ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा. चार चरणांच्या रुबाईत अशी खूण बहुधा नसते. ती तोंडोतोंडी फिरते आणि अनामिक होते. शिवाय मद्य, मृत्यू आणि ईश्वराला जाब विचारणारी धीट रुबाई दिसली की ती खय्यामचीच, असे लेखनिक धरून चालले. म्हणून काळ पुढे सरकला तसा आकडा फुगला. १४६०–६१ सालच्या ऑक्सफर्डच्या हस्तलिखितात १५८ रुबाया आहेत. इंग्रज कवी फिट्झजेराल्डने रुबायांवर आधारलेले १८५९चे इंग्रजी काव्य रचताना ते वापरले. त्याच्याजवळच्या कलकत्ता प्रतीत रुबाया पाचशेच्या वर होत्या.

१८९७मध्ये रशियन अभ्यासक झुकोव्स्की यांनी खय्यामच्या नावावरील ८२ रुबाया इतर कवींच्या संग्रहांतही असल्याचे दाखवले आणि त्यांना ‘भटक्या रुबाया’ म्हटले. त्यानंतर संशयाची दिशा टोकाला गेली. १९३४मध्ये जर्मन विद्वान शेडर यांनी तर खय्यामचे नाव फारसी काव्याच्या इतिहासातून खोडावे असे सुचवले. हे अति होते. राझीची साक्ष इतक्या सहज बाजूला सारता येत नाही.

जुन्या पुराव्याची भूक किती घातक ठरते, हे पुढे दिसले. १९४०च्या दशकाच्या अखेरीस तेराव्या शतकातील म्हणून दोन हस्तलिखिते पुढे आली. एकावर १२०७ ही तारीख होती. केंब्रिजचे आर्बेरी यांच्यासारख्या जाणकारानेही ती खरी मानून त्यांवर ग्रंथ लिहिले. दोन्ही आधुनिक बनावट निघाली. १९६७मध्ये इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज व उमर अली-शाह यांनी बाराव्या शतकातील एका प्रतीच्या आधारे भाषांतर छापले. ती प्रत कोणालाही पाहायला मिळाली नाही.

मराठीत फारसीचे प्राध्यापक माधव जूलियन यांनी मूळ फारसीवरून रुबायांचे रूपांतर केले आणि फिट्झजेराल्डच्या काव्याचे ‘द्राक्षकन्या’ हे भाषांतर वेगळे ठेवले. मूळ रुबाया आणि इंग्रजी काव्य यांची सरमिसळ त्यांनी होऊ दिली नाही, याचे मोल मोठे आहे.

इराणात फरूगी व गनी या अभ्यासकांनी जुन्या साधनांतील मोजक्या रुबाया कसोटी मानून १७८ रुबायांची आवृत्ती काढली. ‘नुझ्हतुल मजालिस’ या तेराव्या शतकातील संकलनात खय्यामच्या नावे तीसेक रुबाया आहेत. त्याही त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी नोंदल्या गेल्या.