‘टॅग’ या शब्दाचा गुंता : व्हिडिओ शोधात वर आणण्याच्या धडपडीची पार्श्वभूमी

नवं चॅनेल काढलेला माणूस हमखास विचारतो, “टॅग कुठले टाकू?” सांगणारा भराभर वीस शब्द सांगतो. विचारणारा नेमक्या कुठल्या टॅगबद्दल विचारतोय आणि सांगणारा कुठल्या टॅगबद्दल बोलतोय, हे मात्र बहुतेक वेळा दोघांनाही स्पष्ट नसतं. हा घोळ समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं.

२००५ मध्ये यूट्यूब सुरू झालं तेव्हा व्हिडिओत काय दाखवलंय आणि काय बोललंय, हे शोधयंत्राला कळत नसे. आजूबाजूला लिहिलेले शब्द हाच त्याचा आधार. २००६ मध्ये १६५ कोटी डॉलरचा व्यवहार जाहीर झाला आणि ही साइट शोधयंत्राच्याच मालकाकडे, म्हणजे गूगलकडे गेली. मे २००७ पासून गूगलच्या नेहमीच्या निकालांत बातम्या, चित्रं, नकाशे यांच्या जोडीने व्हिडिओही मिसळून दिसू लागले. आपला व्हिडिओ तिथे वर यावा म्हणून झटणं खरं सुरू झालं ते तेव्हापासून. त्याच वर्षअखेरीस, स्वतःच्या साइटवर व्हिडिओ ठेवणाऱ्यांसाठी व्हिडिओ साइटमॅपची, म्हणजे कुठल्या पानावर कुठला व्हिडिओ आहे हे शोधयंत्राला सांगणाऱ्या यादीची सोय झाली.

टॅग हा शब्द दोन वेगळ्या घरांतून आला. एक घर वेबपानाच्या कोडचं. तिथे ‘कीवर्ड’ नावाचा एक मेटा टॅग असतो, म्हणजे वाचणाऱ्याला न दिसणारी, शोधयंत्रासाठी लिहिलेली शब्दांची नोंद. त्यात लोक वाट्टेल ते शब्द कोंबायचे, म्हणून शोधयंत्रांनी त्याच्याकडे पाहणं सोडलं. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने तसं उघड सांगितलंही : वेबशोधाच्या क्रमवारीत आम्ही हा टॅग वापरत नाही. दुसरं घर २००३-०४ च्या सुमारास आलेल्या बुकमार्क आणि फोटोंच्या साइट्सचं. तिथे टॅग म्हणजे वापरणाऱ्याने आपल्या सोयीसाठी चिकटवलेली चिठ्ठी. यूट्यूबने अपलोडच्या फॉर्ममध्ये टॅगचा रकाना दिला तो या दुसऱ्या अर्थाने. पण लोकांनी तो वापरला पहिल्या अर्थाने. गाजलेल्या व्हिडिओचे टॅग उचलून आपल्याला लावायचे, हा सर्रास प्रकार होता. २०१२ मध्ये टॅग पाहणाऱ्यांच्या नजरेआड झाले. पानाच्या कोडमध्ये मात्र ते उरले, आणि तेही त्याच जुन्या कीवर्ड मेटा टॅगमध्ये! दुसऱ्यांचे टॅग दाखवणारी साधनं ते तिथूनच वाचतात. पुढे हॅशटॅग आले, म्हणजे तिसरा अर्थ. ते शीर्षकात किंवा डिस्क्रिप्शनमध्ये लिहायचे, प्रेक्षकाला दिसतात, दाबता येतात. साठाच्या वर गेले तर सगळेच दुर्लक्षित होतात. पाचशे अक्षरांच्या त्या जुन्या रकान्याशी त्यांचा संबंध नाही.

त्या रकान्याबद्दल यूट्यूबचा अधिकृत खुलासा असा : व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा अगदी कमी, ज्या शब्दांचं स्पेलिंग लोक नेहमी चुकतात तिथे मात्र ते उपयोगी. यातला पहिला भाग वाचून ‘टॅग मेले’ असं जाहीर करणारे खूप. मला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण मराठीत तो अपवाद राहत नाही. फोनवर रोमन लिपीत मराठी टाइप करणाऱ्याला ठरलेलं स्पेलिंगच नाही. ‘वडा’ व्हीने लिहायचा की डब्ल्यूने? ‘झुणका’ झेडने, झेड-एचने की जे-एचने? ‘ळ’ला तर रोमनमध्ये स्वतःचं अक्षरच नाही. देवनागरीतही ‘व्हिडिओ’ आणि ‘व्हिडीओ’ दोन्ही चालू आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलवर मराठीत बोलून टाइप करता येऊ लागलं, त्याने बराच भार हलका झाला. तरी रोमनची सवय काही गेली नाही. म्हणून हे पाठभेद टॅगच्या रकान्यात नोंदवून ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. शीर्षकात ते कोंबले तर शीर्षकाची वाट लागते, आणि डिस्क्रिप्शनमध्ये टॅगची जंत्री देणं स्पॅमविषयीच्या नियमांत बसत नाही.

अर्थात निव्वळ शब्दांवर वर येण्याचे दिवस २०१२ मध्येच सरले. त्या वर्षी यूट्यूबने व्ह्यूजच्या आकड्याऐवजी लोक किती वेळ पाहतात याला वजन दिलं. चटपटीत थंबनेल (व्हिडिओचं दर्शनी चित्र) लावून लोकांना आत ओढायचं आणि आत काहीच द्यायचं नाही, याला त्याने चाप बसला. २०१९ मध्ये शोधनिकालातूनच व्हिडिओतल्या नेमक्या जागी उडी मारता येऊ लागली, २०२० मध्ये चॅप्टर, म्हणजे डिस्क्रिप्शनमध्ये वेळा लिहून व्हिडिओचे पाडलेले भाग आले. शून्य मिनिटापासून सुरुवात, वेळेच्या किमान तीन नोंदी आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा, एवढं पाळलं की झालं. अर्ध्या तासाच्या कीर्तनाच्या किंवा शेतीसल्ल्याच्या व्हिडिओला याचा जेवढा फायदा, तेवढा दहा टॅगांचा नाही. २०२० च्या जूनअखेर भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि सप्टेंबरात शॉर्ट्सची, म्हणजे यूट्यूबच्या तशाच छोट्या व्हिडिओंची पहिली चाचणी इथेच झाली. स्वाइप करत पाहणारा प्रेक्षक शोधाच्या चौकटीत काही लिहीतच नाही, त्यामुळे तिथे सगळं गणित वेगळं.

स्वतःची साइट असलेल्यांना खरा फटका २०२३ मध्ये बसला. एप्रिलमध्ये गूगलने ठरवलं की व्हिडिओ हाच पानाचा मुख्य आशय असेल तरच मुख्य निकालांत त्याचं थंबनेल दिसेल. डिसेंबरात हाच नियम व्हिडिओंच्या स्वतंत्र शोधालाही लागला. व्हिडिओ पाहायला आलेल्याला लांबलचक लेखात तो शोधत बसावं लागू नये, हे कारण मला पटतं. पण पाककृतीच्या साइट्स आधीपासून साहित्य आणि कृती सविस्तर लिहून खाली व्हिडिओ देत आल्या आहेत. वाचणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला दोघांनाही ते पान सोयीचं होतं. आता शोधयंत्राच्या लेखी ते व्हिडिओचं पान राहिलं नाही. साइटमॅप नीट भरलेला असो की पानावर व्हिडिओ आहे हे सांगणाऱ्या कोडमधल्या खुणा बिनचूक असोत, त्याने यात फरक पडत नाही. प्रत्येक व्हिडिओला वेगळं पान करायचं किंवा ती जागा यूट्यूबला सोडायची, एवढंच त्यांच्या हातात उरलं. ज्यांच्याकडे माणूसबळ नाही त्यांना यातला दुसरा, यूट्यूबचा मार्गच घ्यावा लागतो.